अव्वाचा हातगुण

गेल्या नवरात्राच्या सुमारास माझ्या आईनं एका शेजारणीला मोगऱ्याची फांदी लावून द्यायला नकार दिला. यात विशेष काय, असं कुणालाही वाटेल. पण तो नकार माझ्यामुळं होता. तो तिच्या तोंडून निघाला तेव्हा मी दाराच्या आत वर्तमानपत्र धरून बसलो होतो, आणि मी पान उलटलं. मी तसा गप्पच माणूस. ऑफिसात मला कुणी भांडखोर म्हटलं नाही, घरात कुणी खोटारडा म्हटलं नाही. तोंड न उघडता किती खोटं बोलता येतं ते मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. उदगीरकडच्या आमच्या लिंगायत घरांत तसंच म्हणतात. अव्वाची सगळी हयात लातुरातल्या एका गल्लीत गेली. त्या गल्लीत तिचा हातगुण प्रसिद्ध होता. कुणाकडं पानवेल लावायची असो, कढीपत्ता असो, अव्वाला बोलावणं यायचं. ती स्वतःचा तांब्या घेऊन जायची, उकिडवी बसून बोटानं माती उकरायची, फांदी रोवायची, पाणी घालायची आणि "आता हलवू नगा गं तिला" असं बजावून उठायची. घरची बाई तिच्या ओटीत मूठभर तांदूळ घालायची. फांदी लागायचीच.

वडील गेले तेव्हा मी तिला हळूहळू मागं सरताना पाहिलं. हळदीकुंकू असलं की ती आपणहून स्वयंपाकघरात जायची. ओटी भरायची वेळ आली की तिला बाहेर काहीतरी काम निघायचं. कुणी तिला जा म्हणत नव्हतं आणि कुणी थांबवतही नव्हतं. पण रोप लावायचं बोलावणं मात्र बंद झालं नाही. नव्या सुनांच्या सासवा स्वतः येऊन म्हणायच्या, "चला मावशी, तुमचाच हात पायजे." तांदूळही तसेच ओटीत पडत राहिले. तिच्या वाट्याला तेवढं एकच शुभ काम उरलं होतं. हे मला आज लिहिता येतंय. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. लातुरात तिच्याजवळ राहायला कुणी नव्हतं. बहीण त्याच शहरात आहे, पण तिचं स्वतःचं घर माणसांनी भरलेलं. मी अव्वाला नांदेडला आणायचं ठरवलं. ती तयार होईना. "तुमच्या त्या दुसऱ्या मजल्यावर माती तरी हाय का?" असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "अव्वा, तू चल तर खरं. तुला उभ्यानं करता येईल अशी बाग करून देतो."

म्हणजे ती बाग हे आमिष होतं. ती खाली वाकली नाही म्हणजे झालं, आणि मला दर शनिवारी लातूरची गाडी धरावी लागली नाही म्हणजे झालं, असा माझा दुहेरी हिशेब होता.

तिच्या सामानाबरोबर मी तिचा निळा ड्रमही आणला. लातुरात असा ड्रम नाही असं घर सापडायचं नाही. नळाला कधी आठवड्यानं पाणी यायचं, कधी त्याहून उशिरा. आलं की घरातलं प्रत्येक भांडं काठोकाठ भरायचं, अगदी वाट्यासुद्धा. तो ड्रम मी मोबाइलवर व्हिडिओ बघत उभा कापला. करवत चालत असताना अव्वा दारात उभी होती.

"चांगला ड्रम हाय रे तो," ती म्हणाली.

"इथं रोज पाणी येतं अव्वा. ड्रम कशाला लागतोय?"

"काय करलालास ते तुला ठावं," म्हणून ती आत गेली.

वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी अँगलचा चार पायांचा स्टँड करून आणला. उंची अव्वाच्या कमरेच्या मापानं घेतली. तिला दारात उभं करून मी टेप लावला, तर ती हसत म्हणाली, "झंपर शिवतोस का काय?" स्टँडवर अर्धा ड्रम आडवा बसवला. तळात भोकं पाडलेल्या पाइपांचे तुकडे अंथरले, त्यावर हिरवी जाळी, जाळीवर माती, शेणखत आणि नारळाचा भुसा. दोन ठिकाणी जाळी कापून माती थेट तळापर्यंत सोडली. एका कोपऱ्यात पाइप उभा केला. त्यातून पाणी ओतायचं. ते तळाशी साठून राहतं, आणि दिव्याची वात तेल ओढते तशी खाली सोडलेली माती हवं तेवढंच पाणी वर ओढते. वरून पाणी घालायची गरजच नाही.

व्हिडिओतल्या माणसानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. जाळीच्या जरा खाली ड्रमच्या अंगाला एक भोक पाडा, जादा पाणी तिथून निघून जाऊ द्या, नाहीतर माती बुडेल आणि मुळं गुदमरतील. त्यानं ते दोनदा सांगितलं. मी ड्रिल हातात घेतलं, जागेवर पेन्सिलनं खूणही केली. आणि ड्रिल खाली ठेवलं. पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम भोक पाडायचं? आमच्या शहराला रेल्वेनं पाणी आलेलं मी पाहिलंय. लातूरच्या माणसाच्या हातून ते भोक पडत नाही. मी मनात म्हटलं, बेतानं ओतलं की झालं.

पण बेतानं ओतणंही मला कुठं जमत होतं! दर रविवारी मी बादलीनं त्या पाइपात पाणी ओतायचो, आणि हात थांबायचा तो पाइप तोंडापर्यंत भरल्यावरच. भरून घ्यायचं, एवढंच लहानपणापासून शिकलेलो.

बाग तयार झाली तेव्हा अव्वाला मोठ्या ऐटीत गॅलरीत नेलं. सगळी रचना समजावून सांगितली आणि शेवटी म्हणालो, "आता आठवडाभर बघायलाच नको. पाणी आपोआप."

तिनं मातीवरून हात फिरवला. "मग मी काय करू?"

मी हसलो. बायकोही हसली. तो प्रश्न खरा होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तिनं मेथी पेरली, पालक पेरला, कडेला दोन वांग्याची रोपं लावली. उभ्यानं माती चाळवताना तिचा चेहरा बघायला मला आवडायचं. रोज सकाळी तिची गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की उरलेलं पाणी ती तांब्यात घेऊन गॅलरीत यायची आणि एकेका रोपाच्या बुडाशी थोडं थोडं घालायची. पूजेचं पाणी मोरीत टाकायचं नाही, झाडाला घालायचं. लातुरातही ती तेच करायची. मी सुरुवातीला म्हणायचो, "अव्वा, वरून नको घालू." ती म्हणायची, "तांब्याभरानं काय होतंय?"

खरंच काही होत नव्हतं. थोडे थेंब मात्र गॅलरीच्या कडेनं खाली जायचे, आणि खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे तिथंच वाळत असायचे. त्यांनी मला जिन्यात दोनदा टोकलं होतं. त्या तांब्यावर माझा राग होता तो या कारणानं. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

श्रावणात पानं पिवळी पडली. पालक लोळला, वांगी उभी वाळली, मातीला कुबट वास यायला लागला. अव्वा रोज जाऊन बघायची, पिवळं पान खुडायची आणि आत यायची. अशात एका रविवारी ऑफिसातला एक सहकारी आणि त्याची बायको चहाला आले. गॅलरीत डोकावून तो म्हणाला, "अरे, ही तुझी आपोआप चालणारी बाग ना? काय झालं हिला?"

ऑफिसात मी त्या बागेचे फोटो सगळ्यांना दाखवले होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आमच्या अव्वाला किती सांगितलं, पाणी घालू नको. ऐकतच नाही. रोज तांब्या ओतते. सडवून टाकलं सगळं."

अव्वा तिथंच उभी होती, हातात शंकरपाळ्यांची बशी. तिनं बशी टेबलावर ठेवली. पाहुण्यांकडं बघून, जणू त्यांचंच काही नुकसान झालंय अशा सुरात म्हणाली, "हाव, माझंच चुकलं. म्हातारपणी ध्यानात ऱ्हाईना."

त्या दिवसापासून तिनं गॅलरीत जाणं सोडलं. पूजेचं पाणी ती झाकून ठेवायची आणि माझी बायको भाजीला खाली निघाली की म्हणायची, "जाता जाता खालच्या लिंबाच्या बुडाशी वतशील का गं?" बायको रोज तो तांब्या घेऊन दोन मजले उतरायची. मला ते दिसत होतं.

गौरी-गणपतीत बहीण अव्वाला लातूरला घेऊन गेली. घर रिकामं झाल्यावर मी ती मेलेली बाग साफ करायला घेतली. वांग्याचं रोप उपटलं तर मुळं तपकिरी, बोटात कुसकरली जाणारी. माती उकरायला हात घातला आणि अर्ध्या वितीवरच बोटांना पाणी लागलं. गेल्या कित्येक दिवसांत अव्वानं तांब्याभरही ओतलं नव्हतं. ते पाणी माझ्या बादलीचं होतं. ते जाळीच्या वर चढून, मातीत शिरून तिथंच मुरत बसलं होतं.

पेन्सिलची खूण अजून ड्रमवर होती. मी ड्रिल आणलं आणि तिथं भोक पाडलं. काळं, घाण वासाचं पाणी बाहेर पडायला लागलं. खाली बादली लावली, ती भरली. दुसरी लावली. मी स्टूलवर बसून ते बघत राहिलो. बायकोनं आतून विचारलं, "काय झालं हो? कसला वास येतोय?"

"काही नाही. माती बदलतोय."

मी खरंच माती बदलली. नवी मेथी पेरली, कोथिंबीर पेरली. दोन-तीन दिवसांत मेथीनं डोकं काढलं. अव्वा परत आली तेव्हा अर्धा ड्रम हिरवागार झाला होता. ती पिशवीसुद्धा खाली न ठेवता गॅलरीच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली.

"बघ," ती म्हणाली, "मी गेले अन् जीव आला त्याच्यात. माझाच हात वाईट झाला रे."

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं: अव्वा, भोक पाडायचं राहिलं होतं माझ्याकडून. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "हूं."

त्या हूंबद्दल मी फार विचार केलाय. लाज होती, हे खरं. सहकाऱ्यासमोर तिला बोललो होतो, ते आता मागं कसं घ्यायचं? पण लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती जास्त वाईट आहे. तिनं तांब्या थांबवला होता. गॅलरी कोरडी होती. खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात हसून नमस्कार करत होते. तिचा तो गैरसमज मला सोयीचा होता.

त्यानंतर आली ती शेजारीण. तळमजल्यावर नवीन राहायला आलेलं जोडपं, मुलगी हिमायतनगरकडची, बोलघेवडी. तिच्या दारासमोर कंपाउंडलगत हातभर रुंद माती होती. माहेरून तिनं मोगऱ्याची फांदी आणली होती. माझ्या बायकोनं तिला कधीतरी अव्वाच्या लातूरच्या गोष्टी सांगितल्या असाव्यात. ती वर आली आणि दारातूनच म्हणाली, "आजी, चला न खाली. फांदी घेऊन बसून राहिले मी सकाळपासून. तुमच्या हातानं लावायची हाय."

नांदेडला आल्यापासूनचं ते पहिलं बोलावणं. मी वर्तमानपत्राच्या वरून पाहिलं. अव्वा खुर्चीतून अर्धी उठली होती. मग परत बसली.

"नगं बाई. माझा हातगुण गेला आता. माझ्या हातानं जळून जातंय समदं. तूच लाव."

"असं काय म्हणता आजी!"

"खरंच सांगते. पोराची एवढी चांगली बाग घालवली मी. तुझ्या दारात कशाला?"

ती मुलगी माझ्याकडं बघायला लागली. घरातला माणूस 'तसं काही नाही' म्हणेल, निदान हसून वेळ तरी मारून नेईल, असं तिला वाटलं असावं. मी पान उलटलं, ते हेच.

पुढं काही दिवसांनी, दिवाळीच्या तोंडावर, मी अव्वाला डॉक्टरांकडून घेऊन आलो. रिक्षातून उतरून आम्ही फाटकातून आत येत होतो. त्या मुलीचा मोगरा लागला होता. शेंड्याला नवी, तकतकीत पानं आली होती. अव्वा थांबली. गुडघ्यांमुळं वाकता येत नाही, म्हणून तिनं काठी डाव्या हातात घेतली आणि कंपाउंडला टेकून उजवा हात शेंड्याकडं नेला. दारात बसून तांदूळ निवडणारी ती मुलगी पटकन म्हणाली, "आजी, हात नका लावू हां! तुम्हीच म्हणल्या होत्या न." आणि हसली. तिच्या मनात काही नव्हतं. तिला सांगितलं होतं तेवढं ती पाळत होती.

अव्वानं हात मागं घेतला आणि पदराखाली नेला. "हाव, हाव. इसरलेच की मी."

आम्ही दोन मजले चढलो. घरात आल्यावर ती खुर्चीत बसली, मी तिला पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "अव्वा, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. ती बाग मी मारली."

ती पाणी प्यायली. मी सगळं सांगितलं. भोक, बादली, कुजकं पाणी. तिनं शांतपणे ऐकलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

"लेका, मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. लई गुणाचा हायस तू."

मला वाटलं आता इथंच जमीन फाटावी. तिला हाताला धरून गॅलरीत नेलं, भोक दाखवलं. ती म्हणाली, "ते तर पहिल्यापासूनच आसल की." मी म्हणालो, नव्हतं. "बरं, नव्हतं," असं तिनं म्हटलं, लहान मुलाशी म्हणावं तसं. मी जितकं खरं बोलत होतो तितका तिच्या लेखी मी चांगला ठरत होतो. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती माझ्याकडं बघत राहिली.

शेवटी मी ते दुसरं सांगितलं, जे सांगायचं नव्हतं. "अव्वा, तू लातूरहून आलीस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मी बोललो नाही, कारण तुझा तो तांब्या मला नको होता. खाली थेंब पडायचे, लोक मला बोलायचे. तू भिऊन गॅलरीत जायची थांबलीस, ते मला बरंच वाटलं."

माझ्या दंडावरचा तिचा हात निघाला. तिला आता पटलं होतं. असलं काही कुणी बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

तिनं मेथीकडं पाहिलं. मग म्हणाली, "थेंब पडत्यात म्हणून सांगितलं आसतंस, तर मी वाटी धरली आसती की खाली."

"चुकलो अव्वा," मी म्हणालो.

"मला सांगून काय उपयोग?" तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात मघाची माया नव्हती. "चार मान्सांसमोर मला बोललास तू. त्या पोरीला मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझा हात वाईट हाय म्हणून. तिला सांग जाऊन. माझ्यासमोर सांग."

"आत्ता? तुझे गुडघे..."

"आत्ता."

आम्ही परत दोन मजले उतरलो. मुलीचे तांदूळ अजून निवडून व्हायचे होते. आम्हाला दोघांना बघून ती घाबरून उठली. तिला वाटलं, मघाच्या बोलण्यावरून काही झालं. मी तिच्या दारात उभा राहून सांगितलं की आमच्या अव्वामुळं बाग गेली नव्हती, माझ्या चुकीनं गेली होती, मला ते माहीत होतं आणि मी लपवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात ऑफिसचे बूट, पंचविशीच्या मुलीसमोर हे बोलतोय. माझे शब्द अडखळत होते. अव्वानं एकही शब्द पुरवला नाही.

मुलगी ऐकत होती आणि मग तिला हसू फुटलं. "अय्यो काका, येवढंच न? मला वाटलं काय झालं आन् काय न्हाई!" मग ती अव्वाकडं वळली. "लावा न आजी हात. मी तर तुम्ही म्हणल्या म्हणूनच तसं बोलून राहिले होते."

अव्वानं मोगऱ्याकडं पाहिलं. हात पदराखालीच होता.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चांगला लागलाय. तुझ्या हाताचाच हाय तो. आता हलवू नगं त्याला."

जिना चढताना मी हात पुढं केला. तिनं कठडा धरला. "तू हो पुढं. मी येते सावकाश." मी पुढं झालो. पहिल्या वळणावर थांबलो, तर खालून म्हणाली, "थांबू नगं म्हणलं ना."

तेव्हापासून अव्वा माझ्याशी नीट बोलते. चहा झाला का विचारते, डबा घेतला का विचारते. पूजेचं पाणी पुन्हा गॅलरीतल्या रोपांना जातं. ती एका हातानं तांब्या ओतते आणि दुसऱ्या हातात खाली वाटी धरते. मी म्हणालो, "अव्वा, वाटी नको धरू, हात दुखेल." तिनं ऐकलं नाही, आणि आग्रह करायचा मला अधिकार नाही. त्या सहकाऱ्याला मी ऑफिसात खरं सांगितलं. तो "अरे, असू दे" म्हणाला आणि कँटीनकडं वळला.

मात्र नांदेडात अजून कुणी तिला रोप लावायला बोलावलेलं नाही. एकदा नाही म्हटलेल्या बाईला लोक पुन्हा विचारत नाहीत. दारावरची बेल वाजली की मी वर्तमानपत्र खाली ठेवतो. तीही मान वर करून बघते का, हे बघायचं मी टाळतो.